नगरपरिषदेची वेबसाइट दिव्यांगांनाही वापरता यावी म्हणून : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायती, नगरपरिषदा आणि महानगरपालिकांच्या वेबसाइट जे सांभाळतात, त्यांच्यासाठी हे पान आहे. प्रश्न प्रशिक्षणांत, चहाच्या वेळी आणि फोनवर विचारले गेलेले आहेत, भाषा तेवढी थोडी सावरून घेतली आहे. शेवटचे दोन प्रश्न नागरिकांचे. घाईत असाल तर पीडीएफचे तीन प्रश्न आधी वाचा, कारण आपल्याकडच्या साइटचं मूळ दुखणं तिथे आहे.

आमच्या साइटवर वरच्या कोपऱ्यात ‘अ+ अ अ-’ आणि काळ्या-पांढऱ्या रंगाची बटणं आहेत. एवढं पुरे ना?

नाही. ही बटणं डोळ्यांना दिसतात, त्यामुळे पाहणीला आलेल्या साहेबांना दाखवायला बरी पडतात. त्यापलीकडे त्यांचा उपयोग थोडाच. ज्याला कमी दिसतं त्याने मोबाइलमध्ये किंवा ब्राउझरमध्ये अक्षर आधीच मोठं करून ठेवलेलं असतं. पान दुप्पट मोठं केल्यावर मेनू मजकुरावर चढू नये आणि ‘कर भरा’ हे बटण पडद्याबाहेर जाऊ नये, एवढीच त्याची अपेक्षा असते. ज्याला अजिबात दिसत नाही त्याला अक्षर मोठं होऊन काय मिळणार? उलट बऱ्याच साइटवर या बटणांना कोडमध्ये नावच दिलेलं नसतं. मग पान उघडल्या उघडल्या अंधांसाठी मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर ‘बटण, बटण, बटण’ एवढंच म्हणत बसतो.

हल्ली ‘एक ओळीचा कोड टाका, साइट सुगम (म्हणजे दिव्यांगांनाही वापरता येईल अशी) होईल’ असं सांगून विजेट विकणारेही फिरतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये अशाच दाव्यांपायी एका कंपनीला १० लाख डॉलर भरायला लावले. स्कॅन केलेला पीडीएफ, नाव नसलेला रकाना, माउसशिवाय न उघडणारा मेनू यांतलं मुळातून काहीच विजेट दुरुस्त करत नाही. पैसे वाचवा.

अंध माणूस वेबसाइट वाचतो तरी कसा?

स्क्रीन रीडर नावाचा प्रोग्रॅम पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवतो. संगणकावर एनव्हीडीए फुकट मिळतो. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी २००६ मध्ये तो बनवायला घेतला. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक आधीपासूनच असतो, आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर.

पण हा माणूस पान वरपासून खालपर्यंत ऐकत बसत नाही, आणि इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. तुम्ही जशी नजर फिरवून ‘पाणीपट्टी’ शोधता तसा तो उड्या मारत जातो. एनव्हीडीएमध्ये ‘एच’ दाबलं की पुढचं शीर्षक, ‘टी’ दाबलं की पुढचा तक्ता, ‘एफ’ दाबलं की फॉर्मचा पुढचा रकाना. सगळ्या लिंकची यादीही एका जागी मागता येते. आता विचार करा, त्या यादीत ‘येथे क्लिक करा’ हेच बावीस वेळा ऐकू आलं तर? त्यांतला जन्म दाखल्याचा कुठला आणि नळजोडणीचा कुठला? आणि शीर्षक म्हणून तुम्ही नुसतं अक्षर जाड आणि मोठं केलं असेल, शीर्षकाची शैली दिलीच नसेल, तर ‘एच’ कितीही दाबा, तो प्रोग्रॅम म्हणणार की पानावर शीर्षक नाही.

एकदा हेडफोन लावा, मॉनिटर बंद करा आणि आपल्याच साइटवर घरपट्टीची थकबाकी शोधून पाहा. प्रशिक्षणात मी हे करायला लावतो तेव्हा पुढचे दोन तास कोणी मोबाइलमध्ये डोकं घालत नाही.

म्हणजे हे सगळं अंधांसाठीच?

मुळीच नाही, आणि हा समज फार चिवट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. हात थरथरतो त्याला माउस नेमका टेकवता येत नाही, म्हणून सगळी साइट कीबोर्डवर चालली पाहिजे आणि बटणं एकमेकांना चिकटलेली नकोत. कर्णबधिर माणसाला ‘अधिक माहितीसाठी फोन करा’ म्हणणं म्हणजे दार लावून घेणं. अध्ययन अक्षमता असलेल्याला ‘उपरोक्त विषयान्वये’ने सुरू होणारं सहा ओळींचं वाक्य नको असतं. खरं तर ते कोणालाच नको असतं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९.६ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली, आणि तेव्हा मोजणी फक्त आठ प्रकारांत होती. मोतीबिंदू झालेले, पण स्वतःला दिव्यांग न म्हणवणारे आजोबा त्या आकड्यात कुठून येणार?

आमचे सगळे पीडीएफ मराठीत आहेत, उघडतात, छापताही येतात. मग अडचण कसली?

उघडतात ते तुमच्या डोळ्यांना. फाइलच्या आत काय आहे ते बघायचं तर एक चाचणी करा. पीडीएफमधली एक ओळ माउसने निवडा, कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. तीनपैकी एक गोष्ट होईल.

पहिली : ओळ निवडताच येत नाही. म्हणजे ते अक्षर नाहीच, कागदाचा फोटो आहे. स्क्रीन रीडर म्हणेल ‘रिकामं पान’.

दुसरी : निवडता येते, पण नोटपॅडमध्ये इंग्रजी अक्षरांचा कचरा उतरतो. हा आपल्या कार्यालयांचा खास वारसा. कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी, सुरेख असल्या जुन्या फॉण्टमध्ये मराठी अक्षरांची चित्रं इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसवलेली असतात. कृतिदेवमध्ये टाइप केलेला ‘भारत’ संगणकाच्या लेखी ‘एच-के-के-जे-आर’ असतो. कागदावर ‘भारत’ दिसतो, अंध नागरिकाला मात्र एच-के-के-जे-आर ऐकू येतो. असं पान शोधूनही सापडत नाही. गूगलवर तुमची योजना येत नाही याचं कारण अनेकदा हेच असतं. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, आणि देवनागरी तिच्यात १९९१ पासून आहे. त्यानंतर तिशी उलटून गेली तरी काही टेबलांवरचे टंकलेखक अजून जुन्याच फॉण्टला धरून आहेत, कारण बोटांना त्याची सवय आहे. सवयीचा राग मला येत नाही. युनिकोडमध्येही जुनी टंकलेखन मांडणी वापरता येते हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. रेमिंग्टन मांडणीचा कीबोर्ड बसवून दिला की तक्रार मिटते.

तिसरी : मराठी मराठीतच उतरतं, पण वेलांट्या मागेपुढे झालेल्या आणि जोडाक्षरं फुटलेली. युनिकोड वापरूनही पीडीएफ तयार करताना ही गडबड होते. यावर सोपा इलाज आहे, मजकूर थेट वेबपानावर टाका. सूचना, योजना, कागदपत्रांची यादी, शुल्क यांसाठी पीडीएफ लागतोच कशाला? मोबाइलवर वाचणाऱ्या सगळ्यांनाच वेबपान सोपं जातं. पीडीएफ करायचाच असेल तर वर्डमध्ये शीर्षकांना शीर्षकाची शैली द्या आणि ‘सेव्ह ॲज पीडीएफ’ करा. ‘प्रिंट’मध्ये जाऊन पीडीएफ काढला की आतली रचना बहुधा गळून पडते.

सही-शिक्क्याशिवाय कागद साइटवर कसा टाकायचा? उद्या कोणी विचारलं तर?

रास्त भीती आहे. टाइप केलेला कागद छापायचा, साहेबांची सही घ्यायची, जावक क्रमांक टाकायचा आणि मग तोच स्कॅन करून चढवायचा, हा रिवाज तिथूनच आला. गंमत अशी की मूळ वर्ड फाइल त्याच टेबलावरच्या संगणकात पडून असते.

दोन वाटा आहेत. एक म्हणजे डिजिटल स्वाक्षरी. ती केलेला पीडीएफ मजकुरासकट तसाच राहतो, छापून स्कॅन करावा लागत नाही. दुसरी साधी, म्हणजे सही केलेला स्कॅनही ठेवा आणि त्याच्या शेजारी तोच मजकूर वेबपान म्हणून द्या. वर एक ओळ लिहा : ‘स्वाक्षरीची प्रत सोबत जोडली आहे.’ पुरावा स्कॅनमध्ये राहतो, माहिती मजकुरात.

एक उदाहरण सांगतो, कार्यालयाचं नाव नको. स्थानिक संस्थांनी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा जो ५ टक्के निधी असतो, त्याच्या अर्जाचा नमुना त्यांनी साइटवर टाकला होता. झेरॉक्सची झेरॉक्स, तिरकी स्कॅन केलेली, कडेला स्टेपलची सावली. ज्या माणसासाठी अर्ज होता तोच तो वाचू शकत नव्हता. शेजारच्या मुलाकडून भरून घेतला, म्हणजे उत्पन्न, बँक खातं, आजाराचा तपशील सगळं शेजारी गेलं. अर्ज नव्याने टाइप करून फॉर्म म्हणून चढवायला आम्हाला एक दुपार लागली.

गेल्या पंधरा वर्षांचे हजारो पीडीएफ आहेत. ते सगळे दुरुस्त करत बसायचं का?

तसं ठरवाल तर काम सुरूच होणार नाही. आजपासून चढणारा प्रत्येक कागद वाचता येईल असा, हा पहिला नियम. त्यानंतर माणसांना रोज लागणारं घ्या : अर्जांचे नमुने, चालू योजना, घरपट्टी-पाणीपट्टीचे दर, दाखले, नागरिकांची सनद, भरतीच्या जाहिराती, अधिकाऱ्यांचे संपर्क. मग चालू वर्षाचं अंदाजपत्रक आणि सभांची इतिवृत्तं. मुदत संपलेल्या जुन्या निविदा सर्वांत शेवटी.

ओसीआरने फोटोतून अक्षरं काढता येतात. टेसरॅक्ट हे फुकट साधन मराठी ओळखतं. स्वच्छ छापील पान बरंच नीट येतं, पण शिक्का पडलेल्या ओळी, जोडाक्षरं आणि तक्त्यातले आकडे तपासल्याशिवाय चढवू नका. करपात्र मूल्यात एक शून्य इकडेतिकडे झालं तर निस्तरणं तुमच्याच टेबलावर येईल.

जे अजून दुरुस्त व्हायचं आहे त्या पानावर लिहा : ‘हा दस्तऐवज वाचता येत नसल्यास कळवा, मजकूर स्वरूपात पाठवू.’ सोबत ईमेल आणि एसएमएसचा क्रमांक द्या, आणि खरोखर पाठवा. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ७(४) नुसार अर्जदाराला दिसत किंवा ऐकू येत नसेल तर त्याच्यापर्यंत माहिती पोहोचावी म्हणून मदत करणं हे माहिती अधिकाऱ्याचं कामच आहे.

‘पानाची भाषा कोडमध्ये सांगा’ म्हणजे नेमकं काय? आम्ही तर मराठीतच लिहिलंय.

हा प्रश्न तुमच्या वेंडरचा. पानाच्या अगदी सुरुवातीला कोडमध्ये भाषा नोंदवायची असते आणि मराठीसाठी ती ‘एमआर’. पुष्कळ साइट इंग्रजी साच्यातून बनवलेल्या असल्याने तिथे इंग्रजीच राहून जाते. मग काही आवाज देवनागरी मजकूर चक्क वगळून पुढे जातात. हिंदी नोंदवलं असेल तर मराठी हिंदी उच्चारात कानावर येतं. ‘चमचा’मधला च, ‘जहाज’मधला ज आणि ‘माळ’मधला ळ त्या आवाजात ऐका, एकदा हसू येईल, रोज ऐकावं लागलं तर रडू. मराठी पानावर इंग्रजी परिच्छेद असेल तर तेवढ्यापुरती भाषा वेगळी नोंदवता येते. दुरुस्ती एका ओळीची आहे, ती आजच करून घ्या.

रंगांबद्दल काही नियम आहेत का?

आहेत, आणि मोजता येतात. डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय निकषांच्या एए स्तरानुसार साधा मजकूर आणि त्यामागचा रंग यांत किमान ४.५ : १ इतका उठाव हवा. मोठ्या अक्षरांना ३ : १ चालतो. आपल्या साइटवर हमखास दिसणारा तिरंग्याचा केशरी पट्टा आणि त्यावर पांढरी अक्षरं हे गुणोत्तर जेमतेम २.१ भरतं. उन्हात मोबाइल धरला तर धडधाकट डोळ्यांनाही वाचता येणार नाही. त्याच केशरीवर काळी अक्षरं आरामात चालतात. म्हणजे पट्टा काढायची गरज नाही, अक्षरांचा रंग बदला. मोजायची साधनं ऑनलाइन फुकट आहेत.

आणि नुसत्या रंगावर अर्थ टांगू नका. ‘लाल रंगातील रकाने अनिवार्य’ किंवा ‘हिरव्या प्रभागात पाणी येईल’ हे रंगांधळ्या माणसाला काहीच सांगत नाही. शब्दही लिहा.

सरकत्या बातम्यांची पट्टी सगळेच ठेवतात. आम्हीही ठेवावी का?

नको. आपोआप सरकणारं काहीही पाच सेकंदांहून जास्त चालणार असेल तर ते थांबवायची सोय द्यावी लागते, असा निकष आहे. ती सोय मी फार थोड्या साइटवर पाहिली. साधी यादी करा, सर्वांत नवी बातमी वर. आणि ते लुकलुकणारं लाल ‘नवीन’ काढाच, २०१९ च्या सूचनेपुढे अजून लुकलुकतंय.

लॉगिनला वाकडीतिकडी अक्षरं ओळखायला लावतो. सुरक्षेसाठी ते गरजेचं आहे ना?

यंत्राला अडवणं गरजेचं आहे, नागरिकाला नाही. चित्रातला कॅप्चा अंध माणूस सोडवूच शकत नाही. ‘आवाजात ऐका’ ही सोय असते तिथे इंग्रजी अंक खरखरत्या आवाजात असतात आणि बहिरे-अंध असलेल्याला तेही नाही. यंत्राला फसवणारे, पण माणसाला न दिसणारे रकाने, ठरावीक वेळात किती प्रयत्न करता येतील यावर मर्यादा, मोबाइलवर ओटीपी यांपैकी काहीतरी निवडा. ओटीपीतही ३० सेकंद देऊन ‘मुदत संपली’ म्हणू नका. स्क्रीन रीडरवर मेसेज उघडून, अंक ऐकून, परत येऊन भरायला वेळ लागतो. मुदत वाढवायचं बटण द्या, आणि भरलेला फॉर्म पुसला जाऊ देऊ नका. सतरा रकाने पुन्हा भरायला लावणं ही शिक्षा आहे.

रकान्यांचंही तेच. ‘मालमत्ता क्रमांक’ हे शब्द रकान्याच्या आत फिकट अक्षरात लिहिले आणि बाहेर नाव दिलंच नाही, तर टाइप करू लागताच ते गायब होतात आणि काय भरत होतो तेच विसरायला होतं. चूक झाली तर ‘अवैध नोंद’ म्हणून थांबू नका. ‘मालमत्ता क्रमांकात फक्त अंक लिहा’ असं सांगा.

फोटोखाली जे लिहायचं असतं, तो पर्यायी मजकूर, ते किती लिहायचं?

फोटोखाली नव्हे, फोटोच्या मागे. तो डोळ्यांना दिसत नाही, स्क्रीन रीडर वाचतो. किती लिहायचं हे फोटो कशासाठी आहे त्यावर. उद्घाटनाचा फोटो असेल तर ‘नव्या जलशुद्धीकरण केंद्राचं उद्घाटन करताना नगराध्यक्ष’ एवढं पुष्कळ झालं, जॅकेटचा रंग नको. नुसती नक्षी असेल तर मजकूर रिकामा ठेवा, म्हणजे स्क्रीन रीडर ती ओलांडून पुढे जाईल.

खरा घोळ वेगळाच आहे. ‘उद्या पाणीपुरवठा बंद राहील’ ही सूचना रंगीत चित्र म्हणून बनवायची आणि साइटवर, व्हॉट्सॲपवर, फेसबुकवर तेच चित्र सोडायचं. ती सूचना शब्दांत कुठेच नसते. चित्र हौसेने करा, पण त्यासोबत तारीख, वेळ, भाग आणि कारण मजकुरातही टाका. एवढा एक बदल केलात तरी माझ्या लेखी वर्षाचं अर्धं काम झालं.

प्रभाग रचनेचा नकाशा मजकुरात कसा आणायचा?

बहुतेक वेळा तो आधीच मजकुरात असतो. प्रभाग रचनेसोबत प्रत्येक प्रभागाच्या हद्दीचं वर्णन दिलेलं असतं : उत्तरेला अमुक नाला, पूर्वेला तमुक रस्ता, कोणत्या वस्त्या कुठे. तेच वेबपानावर द्या. त्याला जोडून ‘तुमची वस्ती कोणत्या प्रभागात?’ अशी अक्षरवार यादी करा. नकाशा वाचता येणारेही आधी यादीच उघडतात असा माझा अनुभव आहे.

कर्णबधिर नागरिकांसाठी काय करायचं? त्यांना तर वाचता येतं.

येतं, पण जन्मापासून ऐकू न येणाऱ्या अनेकांची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा असते आणि लिखित मराठी दुसरी. तिचं व्याकरण मराठीचं नाही, स्वतःचं आहे. म्हणून वाक्य छोटं, कार्यालयीन शब्दांचा भार कमी. ‘विहित नमुन्यातील अर्ज सादर करणे बंधनकारक राहील’ याऐवजी ‘हा अर्ज भरून द्या’. व्हिडिओंना मराठी सबटायटल हवीत. आपोआप तयार होणारी तशीच सोडू नका, आडनावं आणि गावांची नावं त्यांत हमखास बिघडतात. आपत्तीच्या सूचना आणि मोठ्या योजनांचे व्हिडिओ सांकेतिक भाषेत द्या. दिल्लीची भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र ही केंद्र सरकारची संस्था त्यासाठी मार्गदर्शन करते. आणि जिथे जिथे दूरध्वनी क्रमांक आहे तिथे तिथे ईमेल किंवा मेसेजचा पर्यायही असू द्या.

हे कायद्याने सक्तीचं आहे की चांगलं काम म्हणून करायचं?

सक्तीचं आहे. २०१६ चा अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. कलम ४२ मध्ये इलेक्ट्रॉनिक माध्यमातला मजकूर सुगम स्वरूपात असावा असं म्हटलं आहे. कलम ४६ ने सेवा देणाऱ्यांना नियम निघाल्यापासून दोन वर्षं दिली होती. नियम जून २०१७ चे, तेव्हा मुदत २०१९ मध्येच सरली. ‘सरकारी आस्थापना’ या व्याख्येत स्थानिक प्राधिकरणही येतं, त्यामुळे ‘हे राज्य सरकारचं’ म्हणून हात झटकता येत नाहीत. कलम ८९ खाली पहिल्या भंगाला १०,००० रुपयांपर्यंत, पुढच्या भंगांना ५०,००० ते ५ लाख रुपये दंड होऊ शकतो.

तांत्रिक बाजूला तीन नावं कानावर पडतील. डब्ल्यूसीएजी हे आंतरराष्ट्रीय निकष. आयएस १७८०२ हे भारतीय मानक, जे २०२१ आणि २०२२ मध्ये दोन भागांत आलं आणि २०२३ मध्ये नियमांत घेतलं गेलं. जीआयजीडब्ल्यू ही सरकारी साइटसाठीची मार्गदर्शक तत्त्वं, पहिली २००९ ची, तिसरी आवृत्ती २०२३ ची. घाबरू नका, तिन्ही बरीचशी एकच गोष्ट सांगतात. डब्ल्यूसीएजी २.१ चा एए स्तर गाठलात की बाकीचं फार लांब राहत नाही.

न्यायालयंही आता सबबी ऐकून घेत नाहीत. राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सांगितलं की सुगमतेचे नियम नुसत्या शिफारशींसारखे ठेवणं मूळ कायद्यात बसत नाही, किमान गोष्टी बंधनकारक हव्यात. ३० एप्रिल २०२५ च्या आणखी एका निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला गेला. तिथे मुद्दा केवायसीचा होता. कॅमेऱ्यासमोर पापणी लववून ‘जिवंत असल्याचं’ सिद्ध करा, असं ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना गंभीर इजा झालेल्या व्यक्तीला सांगितलं जात होतं.

नवी साइट करायची आहे. टेंडरमध्ये काय लिहू?

‘संकेतस्थळ दिव्यांगस्नेही असावे’ हे लिहू नका, त्यातून काहीच बांधलं जात नाही. आयएस १७८०२ आणि डब्ल्यूसीएजी २.१ एए अशी मानकांची नावं घाला. एसटीक्यूसी या केंद्र सरकारच्या तपासणी यंत्रणेचं प्रमाणपत्र कोणी, कोणत्या टप्प्यावर आणायचं ते घाला. शेवटचा हप्ता तपासणीला बांधा. तपासणी तुमच्याच गावातल्या किमान तीन-चार दिव्यांग व्यक्तींकडून करून घ्या : घरपट्टी भरणं, तक्रार नोंदवणं, दाखल्याचा अर्ज अशी पाच कामं त्यांनी कोणाची मदत न घेता पुरी केली पाहिजेत. त्यांना मानधन द्या, तेही टेंडरमध्येच. फुकट ‘सेवा’ म्हणून बोलावू नका. देखभालीच्या काळात सापडलेले दोष किती दिवसांत दुरुस्त होतील तेही लिहून घ्या.

एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेच्या ‘एसथ्रीवास’ या वेबसाइट बनवायच्या मंचावरचे तयार साचे घेतलेत तर बरंचसं काम आधीच झालेलं मिळतं. पण साचा कितीही चांगला असला तरी त्यात तिरका स्कॅन चढवला की संपलं.

वेंडरने तपासणीच्या साधनात १०० पैकी ९८ गुण दाखवले. झालं?

यंत्राला फोटोमागे मजकूर आहे की नाही एवढंच कळतं. तिथे ‘आयएमजी २०४५’ लिहिलेलं असलं तरी ते गुण देतं. माउस बाजूला ठेवून नुसत्या टॅब कळेवर साइट फिरून बघा. आपण कुठे आहोत ते दिसतंय का, मेनू उघडतो का, फॉर्म पाठवता येतो का? पाच मिनिटांत त्या ९८ गुणांची किंमत कळेल.

दिव्यांगांसाठी एक वेगळी, साधी साइट करून टाकली तर?

सहा महिन्यांत ती शिळी होते. मूळ साइटवर नवे दर, वेगळ्या साइटवर जुने. करू नका.

(नागरिकाचा प्रश्न) ‘अपंग’, ‘दिव्यांग’ की ‘विकलांग’, अर्जात काय लिहू?

शासकीय कागदांत सध्या ‘दिव्यांग’ चालतो म्हणून या पानावरही तोच वापरला आहे. हा शब्द न आवडणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. तुमच्या अर्जात तुम्हाला हवा तो शब्द लिहा, त्यावरून अर्ज फेटाळता येत नाही.

(नागरिकाचा प्रश्न) नगरपरिषदेच्या साइटवर मला काम करता येत नाही. तक्रार कुठे आणि कशी करू?

आधी मुख्याधिकाऱ्यांना लेखी द्या, महानगरपालिका असेल तर आयुक्तांना. पोच घ्या. ‘साइट सुगम नाही’ एवढंच लिहिलंत तर उत्तर येईल की ‘साइट सुगम आहे’. त्याऐवजी लिहा : अमुक तारखेला, अमुक पानावर, एनव्हीडीए वापरून पाणीपट्टी भरताना ‘पुढे जा’ या बटणाचं नाव ऐकू आलं नाही, म्हणून बिल भरता आलं नाही, विलंब शुल्क लागलं. दुरुस्तीला मुदत मागा आणि तोवर घरबसल्या दुसऱ्या मार्गाने बिल भरायची सोय मागा.

दाद लागली नाही तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे जा, त्यांचं कार्यालय पुण्यात आहे. २०१६ च्या कायद्याच्या कलम ८० खाली ते चौकशी करू शकतात. चौकशीपुरते त्यांना दिवाणी न्यायालयाचे काही अधिकार असतात. त्यांनी शिफारस केली तर संबंधित कार्यालयाने काय केलं ते तीन महिन्यांत कळवावं लागतं. अर्जासोबत दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राची किंवा यूडीआयडी कार्डाची प्रत जोडा.

आणि एक युक्ती. एनव्हीडीएमध्ये ‘स्पीच व्ह्यूअर’ नावाची खिडकी आहे, प्रोग्रॅम जे बोलतो ते ती अक्षरांत दाखवते. तुम्हाला न वाचता आलेलं पान उघडा, त्या खिडकीतला मजकूर कॉपी करा आणि तक्रारीला जसाच्या तसा जोडा. कार्यालयातले साहेब पहिल्यांदा ते ‘एच-के-के-जे-आर’ वाचतील, गोंधळतील आणि हे काय पाठवलंय म्हणून तुम्हाला फोन करतील. तेव्हा सांगा की हीच तुमची सूचना आहे, मला ऐकू आली तशी.